मुंबई ते मोपा : आकाशातले अंतर आणि घरापर्यंतचा वेळ

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला जाण्यासाठी या खेपेस आम्ही रेल्वेऐवजी मुंबईहून उत्तर गोव्यातील मोपाला जाणारे विमान निवडले. या दोन विमानतळांमधील सरळ रेषेतले अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे साधारण २१० सागरी मैल भरते. एअरबस ए-३२० विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, त्यामुळे नुसता भागाकार केला तर हा प्रवास अर्ध्या तासाचा ठरतो. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो आणि तो रास्तच आहे. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने उड्डाणासाठी रांग लागते, आणि इतक्या थोड्या अंतरात विमानाचे चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होत असल्याने पूर्ण वेग फार वेळ मिळतच नाही. आम्ही प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास होतो.

जाताना उजवीकडची खिडकी मागावी. विमानाचा मार्ग किनाऱ्याच्या किंचित आतून, त्याला जवळजवळ समांतर जात असल्यामुळे आकाश निरभ्र असेल तर बाणकोट, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या एकामागून एक ओळखता येतात. पावसाळ्यात ही अपेक्षा ठेवू नये.

तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे, कारण गोव्यात दोन विमानतळ आहेत. जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झालेल्या मोपाचे सांकेतिक अक्षर जीओएक्स, तर दाबोळीचे जीओआय. दाबोळी मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांच्या पलीकडे असल्याने सावंतवाडी, बांदा किंवा शिरोड्याला जाणाऱ्यांनी, तिकीट थोडे स्वस्त दिसले तरी, तो मोह टाळावा. मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ अंतराने सोयीचा आहे. मात्र तेथील उड्डाणे मोजकी असून त्यांत बदल होत असतात, त्यामुळे आधी चौकशी करावी.

मोपाहून शिरोड्याला टॅक्सीने तासाभराच्या आतबाहेर वेळ लागतो. गाडी राज्याची हद्द ओलांडणार असल्याने परतीच्या रिकाम्या फेरीचे आणि हद्दीवरील कराचे पैसे भाड्यात धरले आहेत का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मुंबईत घरापासून विमानतळ गाठणे आणि सामान देण्याची खिडकी बंद होण्यापूर्वी, म्हणजे उड्डाणाच्या किमान तासभर आधी पोहोचणे धरले, तर दारापासून दारापर्यंत पाच तास सहज जातात. सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत गाडी पावसाळा सोडून कणकवलीला सहा तासांच्या आतबाहेर पोहोचवते. त्यामुळे कणकवली परिसरात घर असणाऱ्यांना विमानाने फारसा वेळ वाचणार नाही. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावतात, तेव्हा मात्र सावंतवाडीच्या दक्षिणेकडील गावांसाठी मोपाचे तिकीट विचारात घ्यावे.