स्टेजकडे पाठ करून

३ जानेवारी २०२३. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधे डार्ट्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल आणि मी तिथे हजर. खेळायला नाही ओ, स्टुअर्ड म्हणून, पिवळं जॅकेट घालून. मास्टर्स करायला आलो होतो, ख्रिसमसच्या सुट्टीत व्हिसावर जास्त तास काम करायला चालतं म्हणून एजन्सी देईल ती शिफ्ट घेत सुटलो होतो. एकदा फुटबॉल, एकदा कुठल्यातरी लग्नाचं पार्किंग, आणि मग हे.

डार्ट्समधलं मला तोवर काहीही कळत नव्हतं. आपल्या नितीन कुमारने या हॉलमधे खेळून दाखवलंय हेसुद्धा मला नंतर कळलं. मी सांगलीचा, आमच्याकडे नेम म्हणजे कॅरम. पण चार-पाच शिफ्टमधे गणित आलं. ५०१ पासून सुरुवात, मारलेले पॉइंट वजा होत जायचे, आणि शून्यावर यायचा शेवटचा डार्ट डबलमधेच बसला पाहिजे, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या त्या चिंचोळ्या पट्टीत, नाहीतर अगदी मधोमधच्या ठिपक्यात. एका पाळीला तीन डार्ट, तिन्ही ट्रेबल २० मधे, म्हणजे २० च्या तिप्पट देणाऱ्या पट्टीत, बसले तर १८०. त्यामुळे अख्खा लेग, म्हणजे ५०१ ते शून्य हा एक डाव, कमीत कमी नऊ डार्टमधे संपतो, त्याखाली शक्यच नाही. २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ ठेवलाय, म्हणजे जरा हात हलला की भोपळ्याच्या शेजारी जाऊन बसायचं. ज्याने कोणी हे आकडे लावलेत तो माणूस खडूस होता एवढं नक्की.

आता माझी ड्युटी. स्टेजकडे पाठ, तोंड पब्लिककडे. ब्रीफिंगमधे सुपरवायझर बाईंनी दोनदा सांगितलं होतं, मॅच बघायचे पैसे ते देतात, तुला पैसे त्यांना बघायचे मिळतात. आणि पब्लिक म्हणजे काय पब्लिक! लांबच लांब टेबलं, त्यावर बिअरचे जग, केळी बनून आलेले आठ जण, एक रेड इंडियन, एक सांताक्लॉज ज्याची दाढी दुसऱ्या जगमधे पडली होती, आणि माझ्या बरोबर समोर ननच्या वेशातला सहा फुटी माणूस, वय पन्नाशीचं, काखेत १८० छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. हे लोक मॅच चालू असताना गातात. म्हणजे क्रिकेटमधे चौकार गेल्यावर ओरडतात तसं नाही, सतत, तीन तास, टेबलावर उभं राहून. माझं काम एवढंच की टेबलावर चढलेल्याला खाली उतरायला सांगायचं, तो सॉरी म्हणणार, उतरणार, दोन मिनिटांनी परत चढणार.

पाठ असली तरी मॅच कानाने कळते हे मला हळूहळू लक्षात आलं. बोर्डाजवळ माइक असतो, डार्ट रुतला की ठक असा आवाज अख्ख्या हॉलमधे येतो. ठक ठक ठक, मग रेफरी आकडा पुकारतो. शेजारच्या खोलीत कॅरम चालू असला की नुसत्या आवाजावरून सोंगटी गेली का राहिली कळायचं ना, तसंच. फायनलला एकीकडे मायकल व्हॅन गर्वेन, डच, तीन वेळचा चॅम्पियन, आणि दुसरीकडे मायकल स्मिथ, जो याआधी दोनदा फायनल हरलेला, २०१९ ला याच व्हॅन गर्वेनकडून आणि २०२२ ला पीटर राइटकडून. ननसाहेब स्मिथवाले होते.

दुसरा सेट, तिसरा लेग. रेफरीने व्हॅन गर्वेनचे १८० पुकारले, ते तर रोजचंच. मग गाणं हळूहळू विरायला लागलं. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे त्या हॉलमधे गाणं थांबणं. लोक उठायला लागले पण टेबलावर नाही, जागेवरच, एकेक करून, आणि ननने कार्ड खाली ठेवलं. मला कोणी सांगायची गरज नव्हती, पाठीमागे व्हॅन गर्वेन नऊ डार्टच्या वाटेवर होता. ठक. आरडाओरडा. ठक. त्याहून मोठा. आठ डार्ट झाले आणि खोटं कशाला बोलू, माझ्याच्याने राहवलं नाही. वळलो.

मोठ्या स्क्रीनवर हिरवा शर्ट दिसला, हात सुटला, डबल १२ पाहिजे होता. हुकला. हॉलमधून असा काही हुंकार आला की जसं सगळ्यांच्याच पायावर कोणीतरी पाय दिला. आणि त्याच सेकंदाला कानातल्या वॉकीटॉकीवर बाई: "पब्लिककडे बघ." वळलो परत. म्हटलं चला, बघायचं ते बघून झालं, संपला विषय.

विषय संपला नव्हता. स्मिथनेसुद्धा तोपर्यंत एकही डार्ट वाया घालवला नव्हता हे माझ्या गावीही नव्हतं, माझं सगळं लक्ष दुसऱ्यावर. मला फक्त ननचं तोंड दिसलं. अर्धवट उघडं, हालचाल नाही, ओठावर बिअरचा फेस तसाच. ठक. त्याच्या भुवया वर गेल्या. ठक. त्याने शेजारच्या केळ्याचा हात धरला, घट्ट, केळ्याची साल दबली इतका. आता मान वळवू का, वळवू का, बाई बघतायत, आणि एवढा विचार होईपर्यंत तिसरा ठक.

मग आवाज नाही, धक्काच आला. वरून बिअर आली, तीन बाजूंनी, कोणी उडवली कळलं नाही, जॅकेटच्या आतपर्यंत गेली. नन रडत होता. खरोखर. केळं टेबलावर होतं आणि त्याला खाली उतर म्हणायची माझी हिंमत झाली नाही, बाईंचीही नाही, कारण वळून बघितलं तर त्या स्वतःच डोक्याला हात लावून स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लेगमधला हुकलेला डार्ट मी बघितला आणि स्मिथचा लागलेला नववा नाही.

स्मिथ पुढे ७-४ सेटने जिंकला, पाच लाख पाउंड आणि पहिलं वर्ल्ड टायटल. तोपर्यंत माझ्या बुटात पचपच होत होती.

रात्री डब्ल्यू-३ बसमधे वूड ग्रीनला उतरायचं म्हणून उभा होतो, ओलं जॅकेट पिशवीत, अंगाला पबसारखा वास. नांदेडच्या रूममेटने तोवर व्हॉट्सॲपवर क्लिप टाकली होती, खाली लिहिलेलं, "भावा तू तिथेच होतास ना??" पंधरा वेळा बघितली असेल. शेजारच्या सीटवर, डोक्यावरचं कापड मांडीवर घेऊन, तोच नन बसला होता. त्याने माझ्या फोनमधे डोकावलं.

"मी तिथे होतो," तो म्हणाला, आवाज पार बसलेला.

"मी पण. तुमच्या समोरच उभा होतो."

तो सरसावून बसला. "मग? तो शेवटचा डार्ट कसा दिसला तिथून?"

"मी तुम्हाला बघत होतो," मी म्हटलं.