माझं सीपीए लायसन्स आणि नवऱ्याची हुकलेली खुर्ची

पुण्याहून बी.कॉम., एम.कॉम. करून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले तेव्हा वाटलं होतं, सीपीएचे (म्हणजे इथल्या सीएचे) चार पेपर काढले की झालं. प्रत्येकात ७५ हवेत. पेपर निघाले, तेव्हा कळलं की परीक्षा देशभर एकच असली तरी लायसन्स राज्य देतं. म्हणजे माझी फाईल सॅक्रामेंटोला, कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीकडे.

अडलं ते तेव्हाच्या १५० युनिट्सच्या, म्हणजे कॉलेजच्या क्रेडिट्सच्या, अटीवर. आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. तिथे कमी भरलं, शिवाय त्यांतच एथिक्सची (व्यवसायातल्या नीतिमत्तेची) १० युनिट्स हवी होती. ती इथल्या कॉलेजात केली. पुणे विद्यापीठाच्या सीलबंद ट्रान्सक्रिप्टसाठी (गुणपत्रकासाठी) बाबांनी चार हेलपाटे घातले.

वाट बघत बसले असताना सहज शोधलं, हे बोर्डवाले असतात तरी कोण? आपल्याकडे सीए इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलवर ३२ पर्यंत सदस्य सीए मतदान करून निवडतात, ८ पर्यंत केंद्र सरकार नेमतं. इथे निवडणूकच नाही! १५ सदस्य, त्यांतले ७ लायसन्सवाले आणि ८ चक्क बाहेरचे, ‘पब्लिक मेंबर’. सातही सीपीए आणि चार पब्लिक मेंबर गव्हर्नर नेमतात. उरलेल्या चारांतले दोन असेंब्लीचे (राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचे) स्पीकर, दोन सिनेटची (वरच्या सभागृहाची) रूल्स कमिटी. मुदत चार वर्षांची.

मी चिडलेच. रात्र रात्र जागून पेपर आम्ही काढायचे, आणि बहुमत कुणाचं, तर ज्यांनी कधी ताळेबंद मांडला नाही त्यांचं?

मग मामा आठवला. त्याची निवृत्तीची रक्कम गावाकडच्या एका पतसंस्थेत अडकली, आणि त्या पतसंस्थेला ऑडिटमध्ये दरवर्षी ‘अ’ वर्ग! ऑडिट करणाऱ्याची चौकशी त्याच्याच भाईबंदांनी करायची म्हटलं असतं, तर मामानं काय काय शिव्या घातल्या असत्या ते इथे लिहिता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बोर्डाचं पहिलं काम जनतेचं रक्षण असं स्पष्ट लिहिलंय. सीपीएंचं भलं नव्हे.

माझी फाईल अर्थात या पंधरांपैकी कुणी उघडत नाही, ते स्टाफचं काम. बोर्ड नियम ठरवतं, कारवाई करतं. माझं पुढचं सरळ झालं: बोटांचे ठसे, साहेबांच्या सहीचा अनुभवाचा दाखला, आणि एथिक्सची घरी बसून द्यायची परीक्षा. तिला ९० टक्के लागतात, म्हणून पुस्तक समोर असूनही घाम फुटतो.

दरम्यान नवऱ्याला कळलं की गव्हर्नरच्या ऑफिसकडे नेमणुकीसाठी कुणीही अर्ज करू शकतं. “मला डेबिट-क्रेडिट कळत नाही, म्हणजे मी पात्रच!” महिनाभर स्वारी जेवताना भाषणाची तालीम करत होती. शेवटी मी नियम वाचून दाखवला: पब्लिक मेंबर लायसन्सधारकाच्या जवळच्या नात्यातला चालत नाही.

लायसन्स नंबर आला त्या संध्याकाळी त्यानं पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “घे. माझी खुर्ची गेली.”