वारा नसताना पडलेले झाड

गेल्या जुलैतील एका सोमवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास मुकादमांचा फोन आला. "मॅडम, माटुंग्याला पाच बगीच्याजवळच्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष पडला. माणूस कोणी अडकलेलं नाही, पण दोन गाड्या गेल्या." मी आधी वाऱ्याचे विचारले, कारण पडलेल्या झाडाच्या अहवालात कारणाच्या रकान्यात आम्ही बहुतेक वेळा 'सोसाट्याचा वारा व अतिवृष्टी' असेच लिहीत आलो आहोत. मुकादम म्हणाले, "वारा कुठला? रात्रभर नुसती रिपरिप होती. पानसुद्धा हललं नाही."

पालिकेत उद्यानविद्या सहाय्यक म्हणून मी गेली अकरा वर्षे काम करते. पावसाळ्यापूर्वी झाडांची पाहणी करणे, छाटणीचे काम नेमून देणे, तक्रार आली की जागेवर जाऊन अहवाल लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. त्या गल्लीतील झाडांची पाहणी मीच मे महिन्यात केली होती. छत्र हिरवे होते, बुंध्याला ढोली नव्हती, लाकडी हातोडीने ठोकल्यावर आवाज भरीव येत होता, कुठे बुरशीची छत्री नव्हती. 'सुदृढ' असा शेरा माझ्या हस्ताक्षरात होता, आणि तो शेरा डोळ्यांपुढे ठेवूनच मी सकाळी सात वाजता तिथे पोहोचले.

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे झाड आवारात पडले होते. पदपथावरची झाडे उजेडासाठी रस्त्याकडे झुकतात, त्यामुळे पडली तर बहुधा रस्त्यावरच पडतात. हे मात्र इमारतीची कुंपणभिंत मोडून आत कोसळले होते. मुकादमांना या कामात माझ्यापेक्षा वीस वर्षे अधिक झाली आहेत. ते फांद्यांकडे गेलेच नाहीत, सरळ मुळांपाशी जाऊन उभे राहिले.

पर्जन्यवृक्ष उन्मळतो तेव्हा मुळांचा पसारा मातीसकट ताटासारखा उभा राहतो आणि खाली मोठा खड्डा पडतो. इथे मुळांचा गड्डा कुंडीतून उपटलेल्या रोपासारखा आखूड होता आणि रस्त्याच्या बाजूने तर करवतीने कापल्यासारखा सरळ. मुकादमांनी बाटलीतले पाणी ओतून माती धुतली, तेव्हा मनगटापेक्षा जाड मुळाचे टोक दिसले. ते सपाट आणि काळे होते, कडेने साल आत वळून जखम भरून काढण्याचा प्रयत्न झालेला दिसत होता आणि मध्ये बोट लावले तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखे कुसकरत होते. अशी सात टोके आम्ही मोजली. सातही एका रेषेत, बुंध्यापासून दोन फुटांच्याही आत.

झाडाला खोल गेलेले सोटमूळ धरून ठेवते असा समज आहे, पण मोठ्या झाडाला मुख्यतः आडवी पसरलेली मुळे सावरतात, आणि ती बहुतांशी वरच्या मीटरभर मातीतच असतात. चर खणताना ती एका बाजूने तोडली, तर झाड त्या दिवशी पडत नाही. उरलेली मुळे पाणी पुरवत राहतात, पालवी फुटते, फुले येतात, आणि तोडलेल्या टोकांतून शिरलेली बुरशी दोन-तीन पावसाळे आतून काम करत राहते. मग जमीन भिजून मऊ झाली की झाड चराच्या विरुद्ध बाजूला कलंडते. तोवर चर बुजून वर काँक्रीट झालेले असते आणि त्या कामाची फाइल बंद झालेली असते. याच झाडाने ५ ऑगस्ट २०२० चे वादळ सोसले होते, ज्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०६ किलोमीटर नोंदवला गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेही सोसले.

आम्ही उकिडवे बसून टोके मोजत असताना समोरच्या इमारतीतील एक काका छत्री घेऊन आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे मी तेव्हाच कळवलं होतं." फोटो अडीच वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला होता. उघडा चर, आणि त्याच्या काठावर सरपणासारखी रचलेली, ताज्या पिवळट कापांची मुळे. त्यांनी लेखी तक्रार दिली होती. काम पूर्ण झाल्याचे उत्तर त्यांना मिळाले होते. कंत्राटदाराच्या माणसांना हटकले तर "मुळं परत येतात" असे ऐकायला मिळाले. मला त्यांच्याकडे पाहवेना. ती तक्रार माझ्यापर्यंत आली नव्हती हे खरे, पण गल्लीत नवे काँक्रीट बुंध्यापर्यंत आलेले मे महिन्यात मला दिसले होते आणि त्याखाली काय झाले असेल हा प्रश्न मी विचारला नव्हता. झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी सोडावी, हा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१३ पासूनचा आहे.

त्याच फोटोत चर पुढच्या पर्जन्यवृक्षाकडे गेलेला दिसत होता. तो वृक्ष आमच्यासमोर हिरवागार उभा होता. मुकादमांनी बुंध्याच्या रस्त्याकडच्या बाजूला मातीत पडलेली कोयरीच्या आकाराची चीर दाखवली आणि तिच्यात पहार सोडली. ती जोर न लावता हातभर आत गेली. दुपारपर्यंत काँक्रीट फोडून पाहिले. पाच मुळे तोडलेली होती.

धोकादायक झाड काढण्याची तरतूद १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाड प्राचीन वृक्ष ठरते आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. हे झाड ऐंशीच्या घरातले असावे. ऐंशी रोपे आम्ही लावू, पण या गल्लीत तेवढी जागा नाही आणि जिथे जागा मिळेल तिथे या गल्लीतली माणसे राहत नाहीत. लोक जमले होते. "पालवी फुटलेलं झाड तोडताय?" असे एका बाईंनी विचारले. मी त्यांना खड्ड्याजवळ नेऊन टोके दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

आणखी एक अडचण वर होती. रस्त्याकडच्या दोन फांद्यांवर ढोकरी बगळ्यांची घरटी होती आणि पिल्लांचा आवाज खाली ऐकू येत होता. झाड कलंडले तर इमारतीकडे कलंडणार होते, म्हणून त्या बाजूचे वजन आधी दोरांनी तुकड्या-तुकड्याने उतरवायचे, घरट्यांच्या फांद्या तशाच ठेवायच्या, गल्ली दोन्ही टोकांना बंद करायची आणि चीर रोज मोजायची, असे मी वरिष्ठांना सुचवले आणि त्यांनी मान्य केले. दोन दिवस छाटणी चालली. चिरेच्या दोन्ही बाजूंना आम्ही खिळे ठोकले होते. त्यांच्यातले अंतर पुढे वाढले नाही. पिल्ले उडाल्यावर ऑगस्टच्या अखेरीस बुंधा काढला.

पडलेल्या झाडाच्या अहवालात कारणाच्या रकान्यात मी 'खोदकामात आधारमुळे तोडल्याने' असे लिहिले आणि काकांचा फोटो तारखेसह जोडला. त्यानंतर मुकादम आणि मी फोटोतल्या चराच्या रेषेने गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिच्यालगतच्या अकरा झाडांवर खडूने खुणा केल्या. नऊ झाडांची मुळे आजवर उघडून झाली आहेत. चार झाडांची तोडलेली निघाली.