सोळा नव्हे, २५१ शुक्रवार

आईने सोळा शुक्रवार धरले होते तेव्हा मी चौथीत असेन. शुक्रवारी घरात आंबट म्हणजे काही म्हणजे काही नाही, लिंबू नाही चिंच नाही दहीसुद्धा नाही, आणि अकराव्या का बाराव्या शुक्रवारी मी शाळेतून येताना गाडीवरची तिखटमीठ लावलेली कैरी खाऊन आले, वर उरलेली कागदात गुंडाळून घरी पण आणली. आई ओरडली नाही. तिने कॅलेंडरवरच्या सगळ्या खुणा खोडल्या आणि पुढच्या शुक्रवारपासून परत एकपासून मोजायला सुरुवात केली. मला तेव्हा ते अती वाटलं होतं, खरं सांगायचं तर आताही वाटतंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ग्रेटा थनबर्ग, हवामान बदलासाठी संपावर बसणारी स्वीडनची मुलगी. आपल्याकडे ती म्हणजे न्यूयॉर्कला युनोत रागाने लालबुंद होऊन बोलणारी मुलगी, २३ सप्टेंबर २०१९, तो व्हिडिओ आणि त्यावरचे मीम. मीही दोनचार फॉरवर्ड केले होते, नाकारत नाही. श्रीमंत देशातली पोरगी आणि आई ऑपेरा गायिका, हिला काय जातंय बोलायला, असं माझं मत होतं. मग एका रात्री झोप येईना म्हणून तिच्याबद्दल वाचत बसले आणि भाषणाच्या आधीचं जे वाचलं त्याने मात्र गप्प झाले.

ती अकरा वर्षांची असताना तिचं खाणं बंद झालं होतं, बोलणंही. शाळेत हवामान बदलाबद्दल कळलं ते तिच्या डोक्यातून जाईचना. दोन महिन्यांत दहा किलो वजन गेलं. आईवडील भिंतीवर कागद लावून तिने काय खाल्लं आणि किती वेळात, ते लिहीत होते. त्यातली एक नोंद तिच्या आईने नंतर छापलीय, नाश्ता एक तृतीयांश केळं, वेळ ५३ मिनिटं. मी स्वतः एक आई आहे, पोरगं दोन घास कमी जेवलं तर माझा दिवस खराब जातो, त्यामुळे त्या ५३ मिनिटांवर मी बराच वेळ अडकले. पुढे अ‍ॅस्पर्गरचं निदान झालं. आणि हीच मुलगी घरच्यांच्या मागे लागून लागून आईला विमानप्रवास सोडायला लावते, त्याने कार्बन वाढतो म्हणून, म्हणजे परदेशातले कार्यक्रम जवळजवळ बंदच की!

२० ऑगस्ट २०१८, सोमवार. स्टॉकहोमच्या संसदेबाहेर फूटपाथवर भिंतीला टेकून ती बसली, वय १५. शेजारी पांढरी रंगवलेली फळी, त्यावर काळ्या अक्षरात स्वीडिशमध्ये 'हवामानासाठी शाळेचा संप', आणि थोडी माहितीपत्रकं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. एकटीच. दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन बसलं. स्वीडनची निवडणूक ९ सप्टेंबरला होती तोवर शाळेच्या प्रत्येक दिवशी बसली आणि मग ठरवलं की आता दर शुक्रवारी. तिकडची नववी म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, आपल्या दहावीसारखं, विचार करा आपल्या घरी ही गोष्ट कशी चालली असती, 'आधी दहावी कर मग काय ते जग वाचव'.

दावोसला, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बड्या लोकांच्या आर्थिक परिषदेला, ती ३२ तास ट्रेनने गेली. अमेरिकेला जायला ऑगस्ट २०१९ मध्ये शर्यतीच्या शिडाच्या बोटीतून प्लिमथ ते न्यूयॉर्क, १४ दिवस, बोटीत संडास नाही, बादली. बोट परत आणायला माणसं विमानाने जाणार म्हणून लोकांनी चेष्टा केली, आणि चेष्टा अगदीच चूक नव्हती. पण मला बोटीपेक्षा शुक्रवारचं जास्त वाटतं. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, गर्दी नको म्हणून तिने स्वतःच सांगितलं की संप ऑनलाइन करा, आणि ती घरात फळी धरून फोटो टाकत राहिली. आठवडा अमुक, आठवडा तमुक. ना टाळ्या ना कॅमेरे. ९ जून २०२३ ला शाळा संपली तेव्हा आठवडा होता २५१.

आता माझं ऐका. २०१९ च्या पावसाळ्यात मुंबईत आरेची झाडं तोडून होणाऱ्या मेट्रोच्या कारशेडविरोधात रविवारी पिकनिक पॉइंटला मानवी साखळी असायची, मी गेले होते. आरे काही ग्रेटामुळे पेटलं नव्हतं हं, तिथले पाड्यावरचे लोक आणि मुंबईकर २०१४-१५ पासून भांडत होते, पण त्या वर्षी शाळा-कॉलेजची पोरं पुठ्ठ्याचे बोर्ड घेऊन आली होती आणि तो वारा कुठून आला होता ते दिसत होतं. मी तीन रविवार गेले. चौथ्याला चुलतबहिणीचा साखरपुडा, पाचव्याला पाऊस फार, मग राहिलंच. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पाडायला सुरुवात, व्हॉट्सअ‍ॅपवर अंधारात मशीनच्या करवतीचा आवाज येत होता आणि मी सोफ्यावर बसून ऐकत होते. २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबवलं, तोवर २,१०० हून जास्त गेली होती. तीन रविवार विरुद्ध २५१ शुक्रवार. मी गेले असते तर झाडं वाचली असती असं नाही, तेवढा भ्रम नाही मला.

ग्रेटाच्या मागून ज्या पोरी उभ्या राहिल्या त्यांना किंमत जास्त पडली. बंगळुरूची दिशा रवी, २२ वर्षांची, शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा ते सांगणाऱ्या टूलकिटवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये पकडली, दहा दिवसांनी जामीन. ग्रेटा तेच टूलकिट ट्वीट करून स्टॉकहोमला सुरक्षित होती, ही गोष्ट मला टोचते. २०२५ मध्ये ती मदत घेऊन गाझाला निघालेल्या बोटीवर चढली आणि तिचे निम्मे चाहते रुसले, तो वेगळा विषय. आणि कार्बन? तो तर वाढतोच आहे, शुक्रवार मोजून काही झालं नाही असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. सप्टेंबर २०१९ च्या त्या आठवड्यात जगभर लाखो लोक रस्त्यावर आले होते आणि ते एका फळीपासून सुरू झालं, एवढंच मी म्हणेन.

परवा आईला हे सगळं सांगत होते, ती शेंगा सोलत होती. २५१ ऐकून तिचे हात थांबले.

"मग उद्यापन केलं का तिने?"

म्हटलं नाही गं, शाळा संपली तरी शुक्रवारी येत राहणार म्हणाली.

आईने परत शेंगा घेतल्या. "म्हणजे आंबट अजून बंदच म्हणायचं."