लाह्या कुठे टाकायच्या?

"बोटीवर होम नाही चालत मॅडम, पण एलईडीचं अग्निकुंड देऊ आम्ही, सेम टू सेम दिसतं." फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे दोन सेकंद गप्पच.

भाचीचं लग्न मुंबई-गोवा क्रूझवर करायचं का, यावर आज तीन तास खल. भावोजींचं गणित सोपं, सुट्टीची सुट्टी आणि लग्नाचं लग्न, वर पाहुणे आपोआप शंभरच्या आत (हा मुद्दा मलाही आवडला, खोटं कशाला बोलू).

आगीचा धोका म्हणून ज्वाला नको, हे पटतंच. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा सप्तपदी अग्नीसमोर, सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, असं लिहिलंय. मग बॅटरीवरच्या अग्नीसमोर टाकलेली पावलं मोजायची की नाही? भाची म्हणते, रजिस्टर लग्न आधी करू, नोटिशीचे 30 दिवस धरून, बोटीवर नुसती मजा.

सगळं पटत आलं होतं, तेवढ्यात कोपऱ्यातून आई म्हणाली, "अगं पण त्या दिव्यात लाह्या कशा टाकणार?"

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. तुमच्यापैकी कुणी बोटीवर लग्न लावलंय का? लाह्यांचं काय केलंत?