डिचोलीचं घर, नोंद चौथी: न्हाणी झाली, ओटा भिंतीसाठी थांबलाय

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की एप्रिलअखेर न्हाणी आटपून मे महिन्यात ओटा बांधायला घेणार. न्हाणी झाली. ओट्याला मात्र अजून हात लागलेला नाही, आणि मिरगाला जेमतेम दोन आठवडे उरलेत. अडलंय ते न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या एका भिंतीपाशी. ज्यांची घरं जुनी, चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची आहेत त्यांनी एवढी नोंद जरूर वाचावी, कारण जी चूक मी करणार होते ती आमच्या घरात याआधी दोनदा होऊन गेलेली आहे.

भिंत दीड फूट जाड. चिरे मातीत रचलेले, वर मुळात चुन्याचा गिलावा. स्वयंपाकघराच्या बाजूने तिचा खालचा भाग दर पावसाळ्यात फुगायचा. रंगाचा पापुद्रा नखाने उचलला की खाली पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. बाबांनी एकदा चुना काढून सिमेंटचा गिलावा केला. काही वर्षांनी त्यावर ओल अडवणारा म्हणून विकला जाणारा रंग लावला. आईला नीट आठवतं, आधी ओल दोन फुटांवर होती, सिमेंटनंतर ती तीन फुटांवर चढली. चिऱ्याला भोकं असतात, तो पाणी शोषतो आणि वाऱ्यावर सोडूनही देतो. समोरून सिमेंटने तोंड बंद केलं की आतलं पाणी वर सरकतं, जिथे उघडं मिळेल तिथून बाहेर पडतं आणि बरोबर आणलेले क्षार तिथेच टाकतं.

मीसुद्धा सगळं खरवडून आणखी जाड, आणखी पक्का गिलावा करायच्या विचारात होते. शेजारचे म्हातारे मेस्त्रीकाका पाहायला आले. भिंतीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. न्हाणीत जाऊन पायाने फरशी दाबली आणि म्हणाले, ‘‘बाय, सकयल पळय.’’

खाली पाहिलं तेव्हा कळलं. आजीच्या वेळी न्हाणीत दगडी फरशी होती. तिचा उतार बाहेरच्या भिंतीतल्या भोकाकडे, पाणी थेट माडाच्या आळ्यात. पुढे टाइल्स बसवताना ते भोक बुजवलं आणि जाळी आतल्या कोपऱ्यात घेतली, नेमकी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मी जाळीभोवतालच्या टाइल्स काढल्या. जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं, आणि पाइप यांचा सांधा नुसत्या सिमेंटने लिंपलेला होता आणि तो उघडला होता. बोटं आत घातली तर काळी, थंड माती हाताला लागली. मूठभर काढून आवळली तर मनगटावरून पाणी ओघळलं. आम्ही वर्षानुवर्षं भिंतीला रंग लावत होतो, आणि रोजच्या आंघोळीचं पाणी खालून तिला पाजत होतो.

म्हणून बेत बदलला. जाळी परत बाहेरच्या भिंतीकडे नेली. जुनं भोक चिऱ्यांच्या सांध्यावरून लगेच ओळखू आलं, तिथूनच पाइप काढला. बाहेर गाळ बसायला छोटं चेंबर केलं आणि तिथून आंघोळीचं पाणी केळींना दिलंय. संडासाची लाइन पूर्वीपासून वेगळीच आहे.

उतारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. दर मीटरला 12 ते 15 मि.मी. उतार धरला. आमची न्हाणी लांबीला 2.1 मीटर, म्हणजे दारापासून जाळीपर्यंत साधारण 28 मि.मी. खाली यायला हवं. लेझर वगैरे घेतला नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एकच रेघ मारली आणि त्या रेघेपासून खाली टेपने मोजत गेले. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रेघ चुकते. पहिल्या दिवशी तसंच झालं होतं, कोबा झाल्यावर डाव्या कोपऱ्यात पाणी साचलं. हातभर कोबा फोडून परत केला. टाइल्स बसल्यावर हे लक्षात आलं असतं तर सगळंच गेलं असतं, म्हणून कोबा सुकल्यावर एक बादली ओतून पाणी कुठे जातं ते पाहा.

ट्रॅप घेताना आत 50 मि.मी. पाणी उभं राहतं याची खात्री करून घ्या. गटाराचा वास आणि झुरळं अडवतं ते हेच पाणी.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरून गोलाई दिली आणि त्यावर फायबरची जाळी चिकटवली. मग सिमेंट-पॉलिमरच्या दोन घटकांच्या कोटिंगचे दोन हात दिले, पहिला उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा. जमिनीपासून एक फूट वरपर्यंत, आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभं ठेवलं. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या संध्याकाळी पाणी केसभर खाली होतं, तेवढं या उन्हात आटणारच.

टाइल्स एक बाय एक फुटाच्या, खरखरीत. मोठी टाइल उताराला नीट वळत नाही. बसवल्यावर प्रत्येकीवर करणीच्या दांड्याने टकटक केलं, दोन पोकळ वाजल्या, त्या काढून परत बसवल्या. पाइप सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे, सगळे बाहेरच्या भिंतीवरून, मधल्या भिंतीत एकही नाही. गीझरचं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) परवानाधारक वायरमनकडून करून घेतला. त्यात मी स्वतः हात घालत नाही.

चुलीवर बसवलेलं, आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण काढताना आई गप्प बसून होती. ते चिंचेने घासून ठेवलंय, मांडणीवर त्याची जागा आधी ठरलीय, मग बाकीच्या कप्प्यांची मापं घेतली.

आता ती भिंत. न्हाणीच्या बाजूने तिला कोटिंग द्यावंच लागलं. मग स्वयंपाकघराची बाजू उघडी ठेवली पाहिजे, नाहीतर आत मुरलेलं पाणी जाणार कुठे? त्या बाजूचं सिमेंट चार फुटांपर्यंत उतरवलं. छिन्नी आडवी धरून हळूहळू काढावं लागतं, नाहीतर चिऱ्याचे टवके निघतात. सांध्यांतली भुसभुशीत माती खरवडून चुना आणि नदीची वाळू 1:3 अशी भरली. लोणा कोरड्या ब्रशने झाडला आणि भुकटी भरून घराबाहेर टाकली. धुतला असता तर क्षार विरघळून परत आत गेले असते.

पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करत. मी विकतचाच आणला आणि पिंपात पाण्याखाली तीन आठवडे ठेवला. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावू नका, डोळ्यात थेंब गेला तर इजा होते. पहिला हात 10 ते 12 मि.मी. देणार आणि ओलं गोणपाट लावून ठेवणार, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, उन्हात भसकन वाळला तर भुकटी होतो. हा थर उरलेले क्षार ओढून घेईल. पावसाळ्यानंतर तो खराब झालेला दिसला तर काढून नवा देईन, तो त्यासाठीच आहे.

थर देण्याआधी दर आठवड्याला एक चाचणी करतेय. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर चिकटवायचा आणि दोन दिवसांनी पाहायचं. थेंब आतल्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतली. पहिल्यांदा कागद आतून ओलाचिंब होता. गेल्या रविवारी फक्त खालच्या कडेला वीतभर दव.

ओट्याची उंची 33 इंच ठरलीय, आईला कोपरापासून मोजून. ग्रॅनाइट आणि खालच्या कप्प्यांचा कडप्पा आणून पडवीत उभा ठेवलाय. आज सकाळी नवा कागद चिकटवला. परवा सोडवते.