सहा कवड्या उताण्या का पडत नाहीत, कळलं एकदाचं

मंडळी, दान पडलं! म्हणजे पडलं नाहीच, का पडत नाही ते कळलं.

मागच्या वेळी रडलो होतो ना, माझ्या कवड्यांच्या खेळात सहाही कवड्या उताण्या (पाठ खाली, फट वर) आल्या तर 25 घरं असा नियम ठेवलाय आणि चार संध्याकाळी खेळून एकदाही कोणाला 25 नाहीत. माझा हिशोब होता कवडी म्हणजे छापा-काटा, 64 दानांत सरासरी एकदा यावं. कसलं काय! रविवारी सनमायकाच्या टेबलावर सहा कवड्या 100 वेळा टाकल्या, आई वहीत रेघा मारत होती (साठनंतर कंटाळून उठली), खालच्या मजल्यावरून दोनदा ठकठक झाली. 600 पैकी 228 उताण्या, 38 टक्के. पाठ गोल ना, उताणी पडली तरी डुलते आणि शेजारच्या कवडीचा धक्का लागला की कुशीवर वळून पालथी होते. पालथी मात्र फटीच्या दातांवर घट्ट बसते. मग 0.38 सहा वेळा गुणलं तर सहा उताण्या येणार सुमारे 330 दानांत एकदा!! आणि सगळ्या पालथ्या? साधारण 18 दानांत एकदा, आणि मी त्यालाच डाव जप्त ठरवून बसलेलो. शिक्षा उठसूट, बक्षीस कधीच नाही.

उपाय म्हणून काचपेपरवर पाठी घासल्या. दोन आरपार गेल्या, आत पोकळ असते हे विसरलोच. तिसरी जमली, आता 100 पैकी 57 वेळा उताणी, खाली ठेवली की काय सुरेख बसते! (कवड्या मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात स्वतः निवडून घ्या, ऑनलाइन ‘एकसारख्या’ म्हणून मागवलेल्यांत बोराएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंत सगळं निघालं.)

सगळ्याच घासणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की का घासायच्या? तीन घासलेल्या, सहा तशाच ठेवू आणि टाकायच्या आधी कोणत्या सहा उचलायच्या ते खेळणाऱ्याने ठरवायचं. मोठं दान हवं तर घासलेल्या घे, एक-दोन घरंच सरकायचंय तर साध्या. लुडोत हेच डोक्यात जातं, दहा वेळा टाकूनही सहा न येण्याची शक्यता 16 टक्के आणि तोवर आपण नुसतं बघत बसायचं. इथे निदान फसलो तर आपल्या निवडीने फसलो.

25 चा नियम आता सगळ्या पालथ्यांना द्यावा की काय? नको, 18 त एकदा म्हणजे खैरातच, 10 देऊन बघतो. शनिवारी भाऊ येतोय, तोवर अजून दोन घासायच्यात, यावेळी हळू.